पाला, अक्रोड आणि बकुळाचं आगळ

१७ जानेवारी १९६०, रविवार

राधाने बेळगावहून ही डायरी पाठवली. आत चिठ्ठी: ‘अप्पा, आई गेल्यापासून तुम्ही कोणाशी बोलत नाही असं कानावर आलं. निदान हिच्याशी बोला. रखमावहिनींना माझा नमस्कार सांगा.’ तिच्या कानावर हे कोणी घातलं, देव जाणे. आणि रखमा म्हणजे आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतल्या गुणाजीची बायको. आमच्या राधाला तिचा एवढा पुळका कधीपासून, तेही कळलं नाही.

असो. मी सीताराम तावडे, नायगावात सगळ्यांचा अप्पा. चौतीस वर्षं मिलच्या गेटवर कामगारांची हजेरी मांडली, तेव्हा रोज चार ओळी लिहिणं मला जड नाही. लिहिण्यासारखं काही घडलं पाहिजे एवढंच. आज सकाळी इराण्याकडे चहा-पाव, दुपारी चुरमुरे, संध्याकाळी पुन्हा चहा-पाव.

२३ जानेवारी, शनिवार

दात घासताना रक्त येतं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. हिरड्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, "जेवता काय?" मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही.

डॉक्टर म्हणाले, "पूर्वी महिनोन्‌महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांना हा रोग व्हायचा, अप्पा. तुम्ही नायगावात बसून कसा लावून घेतलात?" औषध म्हणाल तर हिरवा पाला, तोही कच्चा. लिंबू. अंगात ताकद यावी म्हणून पनीर आणि अक्रोड. "शिजवू नका, शिजवलं की त्यातलं सत्त्व जातं." म्हटलं, शिजवायला आहे कोण? कमलाबाई खाणावळ बंद करून गावी गेल्या, आणि हिचा स्टोव्ह मी एकदाच पेटवला तर भिंत काळी झाली. ती अजून तशीच आहे.

२६ जानेवारी, मंगळवार

खाली झेंडावंदन चाललं होतं. मी गॅलरीत उभा राहून मेथीची जुडी औषध म्हणून चावत होतो. मागून आवाज आला, "अप्पा, शेळीपण मीठ मागते हो!"

गुणाजी. आधी राग आला. मग हसू आलं, आणि तोंडातली मेथी घशात गेली. ठसका लागेपर्यंत हसलो. असा कधी हसलो होतो ते आठवेना.

गुणाजी कुलाब्याला एका तुर्की साहेबाकडे खानसामा आहे. साहेब तंबाखूचा व्यापारी. गुणाजी म्हणाला, "आमची मॅडम रोज पालाच खाते. पण तऱ्हेनं. हिरवं सलाद, त्यात चीज फोडलेलं, अक्रोड फोडलेले. वर आंबटगोड पाक. तुम्ही परात चाटूनपुसून साफ कराल."

"शिजवायचं काय काय?"

"काहीच नाय. चूल पेटवायचीच नाय. रविवारी दोन ते पाच मला सुट्टी असते. येऊ?"

मी म्हटलं, बघू.

२७ जानेवारी, बुधवार

‘बघू’ का म्हटलं, ते इथे लिहायला हरकत नाही. ही डायरी कोण वाचणार आहे?

गुणाजी-रखमा पंचावन्न साली ह्या मजल्यावर आले. पुढच्या वर्षी बौद्ध झाले. त्याआधी कोण होते, ते मी लिहीत नाही, न लिहिताही मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा झाल्यापासून नळावर कोणी चकार शब्द काढत नाही. फक्त रखमाचं पाणी भरून झालं की पुढची बाई आपला हंडा एकदा जास्त विसळते.

मी माणूस वाईट नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गुणाजी आणि मी एकाच रांगेत होतो. लाठीमारात पळताना कोणाच्या हातचं पाणी प्यालो ते मी पाहिलं नाही. पण घर वेगळं. घरात हिचा नियम होता आणि ती गेल्यावर तो मीच पाळायला हवा. पाण्यात शिजलेलं ते खरकटं. ते आपल्या माणसाच्याच हातचं खायचं. दूध, दही, फळ, सुका मेवा, तुपात तळलेलं, ह्यांना विटाळ नाही. इराण्याचा चहा दुधाचा आणि पाव भट्टीतला, म्हणून तोही चालतो.

ही गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. रखमाने रीतीप्रमाणे पिठलं-भात आणून ठेवला. मी तो गॅलरीतून खाली नेला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. पातेलं लख्ख घासून परत दिलं. तिला वाटलं, मी जेवलो. "पोटात दोन घास गेले, बरं झालं," असं म्हणाली होती.

आता सलादाचं पाहू. पाला कच्चा. पनीर दुधाचं, तेही पारशाच्या डेअरीतलं. अक्रोड सुका. पाला धुवायचं पाणी म्युनिसिपालिटीचं. कुठेच अडत नाही. गुणाजीला ‘ये’ म्हणून सांगितलं.

३१ जानेवारी, रविवार

गुणाजी दोन वाजून पाच मिनिटांनी आला. हातात सलादचा पाला, कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात. पनीर मी पारशी कॉलनीतून आणलं होतं, ते टोपलीतलं, खारट पाण्यात पोहणारं. त्याने चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मॅडमच्या चीजचा सख्खा भाऊ."

मी विळी काढली तर अंगावर ओरडलाच. "लोखंड नाय लावायचं! पानं काळी पडतात. हातानं तोडा." पानं तीनदा धुतली, माझ्या जुन्या धोतरात बांधली आणि गॅलरीत जाऊन गोफणीसारखी गरगर फिरवली. खालून बाबुराव हवालदार जात होता, त्याच्या टोपीवर सगळं पाणी. त्याने वर पाहिलं तेव्हा आम्ही दोघे खाली बसलो होतो, शाळेतल्या पोरांसारखे.

मग अक्रोड बत्त्याने ओबडधोबड ठेचले. पनीर बोटांनी चुरडलं. लिंबू, मीठ, तेल अगदी शेवटी, नाहीतर पाला मान टाकतो. दोन ताटांत वाढलं. तो त्याचं ताट घरून घेऊन आला होता. मी सांगितलं नव्हतं. शहाणा माणूस आहे.

चव? बरी होती. खरं सांगायचं तर ताट पुसून खाल्लं. समोर कोणीतरी खातंय, हेच किती दिवसांनी पाहत होतो.

७ फेब्रुवारी, रविवार

तेल शेंगदाण्याचं चालत नाही म्हणे, ऑलिव्हचं हवं. ते केमिस्टकडे लहान बाटलीत मिळतं. केमिस्टने विचारलं, "घरी बाळंतीण आहे वाटतं? बाळाला चोळायचं असेल तर कोमट करा." मी ‘हो’ म्हटलं आणि घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, ते तेलासाठी.

गुणाजीला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. आज डाळिंबाचे दाणेही घातले.

२१ फेब्रुवारी, रविवार

हिरड्यांचं रक्त थांबलं. डॉक्टर खूष. पण गुणाजी खूष नाही. प्रत्येक वेळी एक घास घेतो आणि मान हलवतो. "तो पाक नाय ना अप्पा. डाळिंबाचा, काळा, आंबटगोड. मॅडम मुलखातून आणते. एक थेंब कमी झाला तरी तिला कळतो."

फळीवर हिची कोकमाच्या आगळाची बाटली होती. गेल्या एप्रिलमध्ये भरलेली, शेवटची. बुचावर हिरव्या काठाची चिंधी, दोन गाठी आणि वर एक सुरगाठ. ही गेल्यापासून नऊ महिने मी बाटलीला हात लावला नव्हता. रोज झोपण्यापूर्वी एकदा पाहायचो फक्त.

कशी कोण जाणे, आज खाली काढली. गाठ सोडता सोडता थांबलो. गुणाजी म्हणाला, "राहू दे अप्पा, लिंबू हाय की." मी म्हटलं, "नाही. हिने खायलाच केलं होतं." दोन चमचे आगळ, चिमूटभर गूळ, तेल. पाल्यावर लालसर उतरलं.

गुणाजीने घास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "मॅडमनं आता मुलूख बदलावा."

मी रडलो. त्याच्यासमोरच. तो उठून गॅलरीत गेला आणि मी आवरल्यावर आत आला.

१३ मार्च, रविवार

सलग सातवा रविवार. आता मी एकटाही पाला नीट तोडतो. शनिवारी पनीर आणतो, अक्रोड फोडून ठेवतो आणि दोन वाजायची वाट पाहतो. बाकीचे सहा दिवस ह्या एका दिवसाकडे तोंड करून बसलेले असतात.

२० मार्च, रविवार

आज एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकली. बरं झालं.

आम्ही खायला बसणार तोच रखमा आली. ताटात तांदळाच्या दोन गरम भाकऱ्या आणि वाटीत आमटी. "नुसता पाला काय खाता अप्पा? ह्यांच्याबरोबर चार घास जेवा." तिने ताट माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, "रखमा, वाईट वाटून घेऊ नको. सलाद चालतं, कारण ते कच्चं. शिजवलेलं मात्र नाही चालत. ह्यात तुमचा काही कमीपणा नाही. आमच्या हिचा नियम आहे, ती गेली म्हणून मी मोडणार नाही."

रखमा उभीच होती. तिने विचारलं, "मग त्या दिवशीचा पिठलं-भात?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "नाही खाल्ला."

"टाकलात?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताट उचलून गेली. समजूतदार बाई आहे, दुसरी असती तर भांडली असती. गुणाजीने आपलं सलाद संपवलं, ताट स्वतः घासलं आणि तीन वाजायच्या आतच उठला. साहेबाकडे पार्टी असेल.

२७ मार्च, रविवार

गुणाजी आला नाही. साडेचारपर्यंत वाट पाहिली. पाल्याने मान टाकली.

२८ मार्च, सोमवार

पाडवा. शेजारपाजारच्या दारांवर गुढ्या. आपलं राज्य येणार म्हणून पोरांनी गॅलरीला पताका लावल्यात. गुणाजी जिन्यात भेटला. म्हटलं, "काल वाट पाहिली." तो म्हणाला, "काम होतं." तोंडाने नीट बोलला. पण ‘अप्पा’ म्हणाला नाही.

३ एप्रिल, रविवार

एकट्याने केलं. पाला धोतरात बांधून गॅलरीत फिरवला. खाली कोणी नव्हतं. आगळ घातलं, अक्रोड घातले, सगळं त्याच मापाने. दोन ताटं वाढून झाल्यावर लक्षात आलं. दुसरं तसंच राहिलं. चव नव्हती. पनीर शिळं असावं.

१४ एप्रिल, गुरुवार

आज त्यांची जयंती. लाउडस्पीकर, निळे झेंडे, पांढरेशुभ्र कपडे. दरवर्षी रखमा जिलब्या पाठवते. तुपातल्या, म्हणून मी घेतो. यंदा पाठवल्या नाहीत. गडबडीत विसरली असेल. संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं होतं.

१७ एप्रिल, रविवार

राधाला पत्र लिहायला बसलो आणि फाडलं. काय लिहायचं? मजल्यावरचा एक खानसामा येईनासा झाला म्हणून बाप जेवत नाही?

मनाशी पुन्हा सगळं तपासून पाहिलं. मी त्याला वाईट बोललो नाही. हाकललं नाही. माझ्या खोलीत बसवलं, माझ्या बायकोचं आगळ खाऊ घातलं. नियम हिचा, आणि मेलेल्या माणसाचा नियम पाळणं हा काही गुन्हा नाही. पण रखमाने ‘टाकलात?’ म्हणून विचारलं, ते आठवतं. रोज आठवतं. ती पातेलं परत घेताना किती समाधानाने हसली होती, तेही.

२४ एप्रिल, रविवार

आज जे घडलं ते नीट लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी वाचनालयात जायला निघालो. रखमा गॅलरीच्या टोकाला बसून आगळ गाळत होती. कोपरापर्यंत हात लाल. बाटली भरून बूच लावलं, त्यावर हिरव्या काठाची चिंधी बांधली. दोन गाठी आणि वर एक सुरगाठ.

माझे पाय थांबले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ही गाठ हिने शिकवली वाटतं तुला."

रखमाने मान वर केली नाही. "माझीच गाठ हाय ती. बकुळाताईंची बोटं मिटत होती काय? संधिवातानं वाटी धरवत नव्हती त्यांना."

"मग गेल्या वर्षीची बाटली?"

"मी पिळलं, मी गाळलं. त्या बाजूला बसून मीठ किती ते सांगायच्या. तुम्ही वाचनालयात गेलात की यायच्या."

"इथे? तुझ्याकडे?"

आता तिने पाहिलं. "तुम्ही मिलात जात होता तेव्हा तर रोज यायच्या, अप्पा. माझ्या चुलीपाशी बसून जेवायच्या. भात, आमटी, कधी सुका बोंबील. राधाताई माहेरपणाला आल्या की त्यापण. तुमचा डबा भरून दिला की ताईंना एकटीला घास उतरत नसे. मला बजावायच्या, अप्पांना बोलू नको हां, त्यांचा नियम हाय."

त्यांचा नियम.

मी खोलीत आलो. वाचनालयात गेलो नाही. चटईवर बसलो आणि एकेक आठवत गेलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिने मिलच्या चाळीतल्या कोणा बाईने दिलेली पेज आणली होती आणि विचारलं होतं, "चालेल ना हो?" मी काही बोललो नव्हतो. वाटी नुसती दूर सरकवली होती. तेवढ्यावर ती बत्तीस वर्षं चालली. मी मात्र तिच्या नावाने नियम सांगत फिरलो.

आणि अठ्ठावन्न साली मी रिटायर झालो. दिवसभर घरी बसू लागलो. तेव्हापासून हिची भूक गेली. मी तीन डॉक्टर बदलले, टॉनिकं आणली, जेवत का नाहीस म्हणून ओरडलो. ती म्हणायची, "एकटीला नाही जात हो." मी म्हणायचो, "एकटी कुठे? मी आहे ना समोर."

बकुळा, मला एकदा सांगायचं होतंस गं. पण सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

२७ एप्रिल, बुधवार

तीन दिवस गॅलरीच्या त्या टोकाला गेलो नाही. लाज वाटते. माफी कशी मागतात ते येत नाही. गेटवर चौतीस वर्षं लोक माझी माफी मागत, उशीर झाला म्हणून.

१ मे, रविवार

आपलं राज्य झालं. पहाटे मिलचे भोंगे एकदम वाजले. खाली तुताऱ्या, गुलाल, पेढे. राधाचं पत्र कालच आलं, ‘बेळगाव बाहेरच राहिलं, अप्पा, पण तुम्ही माझ्या वाटचा पेढा खा.’ पेढा दुधाचा. त्याला कशाला धैर्य लागतं?

सगळे मिरवणुकीला गेले. मी दुपारी पाला निवडला, धुतला, हातानेच तोडला. पनीर चुरडलं, अक्रोड ठेचले. बाटलीच्या तळाशी राहिलेलं आगळ सगळं ओतलं. परात घेतली, वर माझं रिकामं ताट ठेवलं आणि गॅलरीतून टोकाच्या खोलीपर्यंत गेलो. एकोणीस पावलं आहेत. पाच वर्षांत कधी चाललो नव्हतो.

दार उघडं होतं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली चूल. गुणाजी जेवायला बसत होता. मला पाहून उठला, परात हातातून घेतली. मी रखमाला म्हटलं, "भात आहे का थोडा?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "सलाद आणलंत ना? ते खा. ते चालतं तुम्हाला."

"ते तुम्हा दोघांना आणलंय," मी म्हटलं. "मला भात दे. रखमा, मी फार वाईट वागलो. हिच्याशीही."

गुणाजी बाजूला सरकला आणि पाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "बसा, अप्पा."

रखमाने माझ्या ताटात भात वाढला. वर पिठलं. आज पिठलंच होतं. मी जेवू लागलो. बाहेर लाउडस्पीकर ओरडत होता. गुणाजीने सलाद तोंडात टाकलं आणि हळूच म्हणाला, "आगळ जास्त झालं." मी म्हटलं, "संपवायचं होतं." रखमा आमच्यापैकी कोणाकडे पाहत नव्हती. ती माझ्या ताटाकडे पाहत होती.

शीतन्‌शीत संपवलं. ताट घेऊन उठलो आणि सवयीने नळाकडे निघालो.

"घासू नका," रखमा म्हणाली. हात पुढे केला. "तसंच द्या. मागच्या टायमाला लई चकचकीत दिलं होतं."

मी ते खरकटं ताट तिच्या हातात दिलं.